दोन मिनिटांत नाळीची भाजी

रोवणीचे दिवस म्हणजे बाईमाणसाची परीक्षा. शाळा सुटल्यावर मी घरच्या बांधीत उतरते, जावा आधीपासून तिथेच असतात. पऱ्हे लावून कंबर मोडते, पायाला चिखल वाळलेला असतो, आणि घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन जाते. भात टाकला की तो आपला आपण शिजतो. वरण सकाळचे असते. अडते ते भाजीपाशी. वाटण वाटायला हात उचलत नाही आणि नुसत्या वरणभातावर पोरे तोंड वाकडे करतात.

आमच्या घरी या अडचणीला आणखी एक कंगोरा आहे. माझी पुतणी चौदा वर्षांची. तिला सिकलसेल आहे, एसएस. भगिनींनो, आपल्या पूर्व विदर्भात हा शब्द कुणाला समजावून सांगायची गरज नाही. प्रत्येक वस्तीत एखादे तरी घर असे असते, जिथे पाऊस लागला किंवा थंडी पडली की लेकराचे हातपाय ठणकू लागतात आणि आईची रात्र बसून जाते. डॉक्टरांनी तिला फॉलिक अॅसिडची गोळी रोज दिलेली आहे, पाणी भरपूर प्यायला सांगितले आहे आणि हिरव्या पालेभाज्या खा म्हणून बजावले आहे. गोळी ती घेते. पाणीही पिते. पालेभाजी मात्र ताटात दिसली की हळूच बाजूला सारते.

तिचे तरी काय चुकले? आपल्या घरांत पालेभाजी तास तास शिजते. पाणी घालून उकडायची, ते पाणी पिळून फेकायचे, मग घोटायची आणि वरून फोडणी. हाती येतो काळपट हिरवा लगदा. त्या पोरीला आवडतो बसस्थानकाजवळच्या हातगाडीवरचा चायनीज पदार्थ. लसूण जळल्याचा तो वास आला की तिचा पाय तिथून निघत नाही. (हातगाडीवरचे ते मंचूरियन चीनमध्ये मिळत नाही बरे का. मुंबईतल्या नेल्सन वँग नावाच्या आचाऱ्याने ते १९७५ च्या सुमारास बनवले, असे सांगतात. म्हणजे पदार्थ आपल्याच महाराष्ट्रातला, नाव तेवढे परदेशी.)

यावरचा उपाय मला सापडला तो एका तिबेटी घरात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ प्रतापगडच्या बाजूला नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली, तेव्हा तो सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वसाहत तिकडे गेली, पण आमच्या घरची जुनी माणसे अजून तिला भंडाऱ्याचेच तिबेटी कॅम्प म्हणतात. ही मंडळी धान पिकवतात आणि हिवाळ्यात गावोगावी स्वेटर विकायला जातात. माझी मोठी बहीण त्याच बाजूला दिलेली आहे. तिची एका तिबेटी बाईशी ओळख झाली ती अशीच स्वेटर घेताघेता. एकदा बहिणीकडे गेले असताना आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. जेवायची वेळ झालेली. त्यांनी आग्रह केला, आणि आमच्यासमोरच परसातली मोहरीची पाने तोडून आणली.

मला वाटले, आता अर्धा तास तरी बसावे लागणार. तर त्या बाईने पाने धुतली, मोठी मोठी चिरली, कढई इतकी तापवली की तिच्यातून धूर निघाला. तेल, ठेचलेला लसूण, आल्याचे काप, पाने. चर्र आवाज झाला, चार वेळा उलटेपालटे केले, मीठ आणि थोडे सोया सॉस टाकले आणि कढई खाली. मी घड्याळ पाहिले नव्हते, पण बहिणीने पाण्याचा तांब्या भरून आणेपर्यंत भाजी ताटात आली होती. पाने हिरवीगार, देठ कुरकुरीत. त्यात त्यांनी एका काळपट दाण्याची चिमूट टाकली होती, जिभेला झिणझिण्या आणणारी. ती म्हणे त्यांच्या डोंगरातली मिरी. नंतर कळले की कोकणात माशाच्या कालवणात घालतात त्या तिरफळाची ती जवळची बहीण आहे.

मी म्हणाले, "ताई, ये तो कच्ची है ना?" त्या हसून मराठीतच म्हणाल्या, "खाऊन तर पाहा."

घरी आल्यावर मी ही रीत लावून पाहिली ती नाळीच्या भाजीवर. का, तेही सांगते.

आपला जिल्हा तलावांचा. कोहळी शेतकऱ्यांच्या जुन्या पिढ्यांनी बांधलेले मालगुजारी तलाव आणि बोड्या गावागावांत आहेत. त्यांच्या काठाला पाण्यावर पसरणारी ही वेल असते. देठ आतून पोकळ, नळीसारखा, म्हणून नाव नाळी. पाने लांबट, टोकदार. फूल पांढरे किंवा फिकट जांभळट, भोंग्यासारखे. पैसे पडत नाहीत म्हणून ती गरिबाची भाजी ठरली. आमच्या लहानपणी डब्यात ही भाजी नेली तर वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. "तलावातली भाजी खाते," म्हणायच्या. मीही मग डबा झाकून खाऊ लागले होते. आज त्याचे हसू येते, तेव्हा रडू यायचे.

आणि हीच भाजी अर्ध्या आशियाच्या ताटातली लाडकी आहे! बंगालात ती कलमी शाक. श्रीलंकेत कंकुन. ब्रह्मदेशात गझून. थायलंडमध्ये फाक बुंग. व्हिएतनाममध्ये राउ मुओंग, तिथे तर ती घरोघरी खाल्ली जाते. चिनी भाषेत तिला जे नाव आहे त्याचा अर्थ होतो पोकळ काळजाची भाजी. आपण नळी पाहिली, त्यांनी काळीज पाहिले. थायलंडमध्ये ज्या पद्धतीने ती करतात त्या पद्धतीला लाल आगीची भाजी म्हणतात, कारण कढईत टाकताना ज्वाळ वर उसळते. तिथल्या फित्सानुलोक गावात आचारी ती कढईतून हवेत उडवतो आणि वाढपी लांब उभा राहून ताटात झेलतो, म्हणून तिचे नाव उडती भाजी. आपण तेवढे धाडस करू नये. उलट अमेरिकेत हिला तणाच्या यादीत घातले आहे आणि परवान्याशिवाय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, कारण उष्ण भागात ती कालवे भरून टाकते.

आता कृती. चार माणसांना वरणभाताबरोबर तोंडी लावायला अर्धा किलो भाजी पुरते. शिजून ती फार थोडी होते, तेव्हा ढीग पाहून घाबरू नये. कोवळे शेंडे घ्यावेत, खालचे जून देठ टाकून द्यावेत. धुऊन झाल्यावर देठ आणि पाने वेगळी करावीत. देठाचे दोन दोन बोटे लांबीचे तुकडे करायचे, पाने हातानेच तोडायची. लसणाच्या सात-आठ पाकळ्या पाट्यावर नुसत्या ठेचाव्यात, पेस्ट करू नये. पेस्ट लगेच करपते आणि कडू होते. दोन सुक्या मिरच्या मोडून ठेवाव्यात. एका वाटीत दोन लहान चमचे सोया सॉस, अर्धा चमचा साखर आणि दोन चमचे पाणी कालवून ठेवावे. हे सगळे हाताशी मांडून मगच कढई चढवायची. या भाजीत वेळ लागतो तो तयारीला. एकदा तेल तापले की काही शोधायला जायची सवड मिळत नाही.

धुतलेली भाजी चाळणीत चांगली निथळू द्यावी, जमल्यास कापडावर पसरावी. इथेच बहुतेकींची भाजी बिघडते. ओली भाजी तापल्या कढईत पडली की कढई थंड होते, पाणी सुटते आणि भाजी परतली न जाता उकडू लागते. म्हणूनच अर्धा किलो एकदम टाकू नये, दोन खेपांत करावी. आच पूर्ण मोठी. गॅस असेल तर सगळ्यात मोठा बर्नर, चूल असेल तर सुकी काडी घालून ज्वाळ करावी. चुलीवर ही भाजी खरे तर गॅसपेक्षा बरी होते.

कढई रिकामीच तापवावी. धूर दिसू लागला की दोन मोठे चमचे तेल. शेंगदाण्याचे, मोहरीचे किंवा सोयाबीनचे चालते. आपल्याकडचे जवसाचे तेल मात्र यासाठी घेऊ नये, ते एवढी आच सोसत नाही. तेलात लसूण आणि मिरची टाकून दहा आकडे मोजावेत. लसूण सोनेरी झाला की देठ टाकून एक मिनिट परतावे, मग पाने. पाने मऊ पडायला अर्धे मिनिट लागते. लगेच वाटीतले मिश्रण कडेने सोडायचे, दोनदा हलवायचे आणि भाजी ताटात काढायची. झाकण अजिबात ठेवू नये. झाकले की भाजीतला आंबटपणा वाफेत अडकतो आणि हिरवा रंग मरतो. लिंबू पिळायचे असेल तर ताटात पिळावे, कढईत नाही. लोखंडी कढई उत्तम, पण तिच्यात भाजी ठेवून देऊ नये, काळी पडते.

मीठ वेगळे घालू नये, हे ठळकपणे सांगते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमपेक्षा जास्त मीठ असते, आणि दिवसभरात माणसाने पाच ग्रॅमच्या आत राहावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात रक्तदाबाचे माणूस असेल तर सोया सॉस निम्मे करावे. सॉस नसेलच तर अडत नाही. भाजलेले तीळ जाडसर कुटून, चिमूटभर मीठ आणि लिंबू घातले तरी चव लागते.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी ताट पुढे सरकवले. "हे का कच्चंच खायाचं का वं?"

मी म्हटले, "आई, एक घास घ्या. नाही आवडलं तर उद्यापासून घोटून देते."

त्यांनी खाल्ले, काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा मागितली नाही. पुतणीने मात्र कढईला लागलेला लसूणसुद्धा पुसून खाल्ला. हातगाडीचा वास घरात आला, आणि तिला कळलेच नाही की ती नाळीची भाजी खाते आहे. कळल्यावर म्हणाली, "काकू, हे डब्यात देशील?" मला माझा झाकलेला डबा आठवला.

झटपट शिजवण्याचा फायदा नुसत्या चवीचा नाही. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि लवकर मरतात. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रोग्याची साधारण १० ते २० दिवस. म्हणजे शरीराला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात, आणि त्यासाठी फोलेट हे जीवनसत्त्व लागते. गोळीतले फॉलिक अॅसिड तेच. हे फोलेट पाण्यात विरघळते आणि फार वेळ शिजवल्याने नासते. आपण भाजी उकडून पाणी फेकतो तेव्हा त्यातले बरेचसे मोरीत जाते. आपल्या भागात हा आजार आहे, हे १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहून जगापुढे आणले. त्याला साठाहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्या स्वयंपाकघरात पाणी फेकणे चालूच आहे.

आकडेच हवे असतील तर शंभर ग्रॅम कच्च्या नाळीत सुमारे ५७ मायक्रोग्रॅम फोलेट आणि ५५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. पालकात फोलेट याच्या तिपटीहून जास्त. तेव्हा पालक मिळाला तर तो याच रीतीने करावा, नाळीचाच हट्ट नको. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भाजी खाल्ली म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही. आणि अंगात रक्त कमी म्हणून सिकलसेलच्या रोग्याला कुणाच्या सांगण्यावरून लोहाच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. ज्यांना वरचेवर रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह साचून अपाय होतो. ते तपासणी करून डॉक्टरांनीच ठरवायचे. भाजीतले लोह शरीर फार थोडे घेते, त्याची भीती नको. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र पालक बेताने खावा.

माझ्या पुतणीचे दुखणे थांबले असे मी म्हणणार नाही. ह्या पावसाळ्यात तिला एकदा दवाखान्यात ठेवावे लागलेच. पण आठवड्यातून तीनदा ती पालेभाजी स्वतःहून मागते.

लसणावरून एक गोष्ट आठवली. विनयपिटकात भिक्खुणींना लसूण खाण्याची मनाई आहे, ती कशी आली? एका उपासकाने भिक्खुणी संघाला लसूण देऊ केला, प्रत्येकीला दोन-तीन मुठी. घरचा संपला म्हणून त्या शेतावर गेल्या, आणि थुल्लनंदा नावाच्या भिक्खुणीने प्रमाण न ठेवता ढीगभर लसूण उपटून नेला. राखणदार चिडला, बोभाटा झाला, आणि नियम झाला. चूक लसणाची नव्हती, हावरेपणाची होती. चीन आणि कोरियाच्या विहारांत पुढे लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या पाच उग्र वस्तू वर्ज्य झाल्या. तिथल्या विहारांच्या स्वयंपाकात पालेभाजी अशी होते: उकळत्या पाण्यात पालक फक्त अर्धे मिनिट बुडवायचा, लगेच गार पाण्यात टाकायचा, हलक्या हाताने पिळायचा आणि मीठ, तिळाचे तेल व भाजलेले तीळ चोळायचे. फोडणी नाही, तिखट नाही. यात थोडे फोलेट पाण्यात जाते खरे, पण अर्ध्या मिनिटात फार जात नाही. सासूबाईंना ही रीत जास्त रुचली, कारण दात कमी आहेत आणि भाजी मऊ होते. आता त्यांची वेगळी वाटी असते.

तलावावरून भाजी आणणाऱ्या भगिनींनी पुढचे जरूर वाचावे. तलावाच्या काठाला बेशरम उगवते, ती नाळीच्याच कुळातली. तिची फुले मोठी, गुलाबी, आणि झाड ताठ उभे वाढते. नाळी पाण्यावर किंवा चिखलावर लोळते. बेशरम विषारी आहे, शेळ्या खाऊन मरतात. घाईत तिची कोवळी पाने जुडीत येऊ देऊ नयेत. ह्या बेशरमने आपले कितीतरी तलाव गिळले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांसोबत काही तलावांतली बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मासे परत आणले. जिथे असे काम झाले तिथे काठ पाहावेत, डोळे निवतात.

गावाचे सांडपाणी ज्या तलावात किंवा नाल्यात जाते तिथली नाळी आणू नये. ही वेल पाण्यातले शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी धातू शोषून घेते आणि ते धुऊन जात नाहीत. दुसरा धोका एका चपट्या कृमीचा. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, गोगलगायीच्या पोटात वाढतात आणि पुढे पिल्ले पाणवनस्पतींना चिकटून बसतात. अशी वनस्पती कच्ची खाल्ली की ती आतड्यात जातात. तीन पाण्याने धुवावे हे खरेच, पण खरा बंदोबस्त आचेनेच होतो. म्हणून नाळी कोशिंबिरीसारखी कच्ची खाऊ नये आणि देठ मोठ्या आचेवर पूर्ण एक मिनिट द्यावा, त्यात काटकसर नको. हाच धोका शिंगाड्याला आहे. कच्च्या शिंगाड्याचे साल दातांनी सोलायची आपल्या पोरांना सवय असते. सुरीने सोलून द्यावे, नाहीतर उकडून.

हीच रीत बरबटीच्या शेंगांना, पत्ताकोबीला, दोडक्याला, फुलकोबीच्या कोवळ्या पानांना लागते. शेंगा आधी दोन मिनिटे पाण्याच्या हबक्यावर वाफवाव्यात, मग परताव्यात. दोडका पाणी फार सोडतो, त्याचे काप जाड ठेवावेत. मेथी मात्र मला या रीतीने आवडली नाही, कडूपणा वर येतो.

मागच्या रविवारी सासूबाईंनी स्वतः कढई चढवली. हिवाळ्यात लाखोळीचा कोवळा पाला खुडून आणला होता, त्याला त्यांनी लसूण आणि सुकी मिरची दिली, सोया सॉसच्या बाटलीला हात लावला नाही, आणि वरून घातली भाजलेल्या जवसाची चटणी. पुतणीने चव घेतली आणि म्हणाली, "आजी, हे पण चायनीज आहे का?" सासूबाई म्हणाल्या, "हे लाखनीचं हाय."